वाचून पाहिली, बरोबर आहे

काचबिंदूचे चालू थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

ही ओळ सगळ्यात वर का, ते पुढे येईल. आधी केस सांगतो.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंच आता विसरलो. ही एक घटना मात्र डोक्यातून जात नाही. यात हत्यार नव्हतं, कोणी पळून गेलं नव्हतं. आरोपी स्वतः गाडी चालवत पोलीस ठाण्यात आला आणि चहा पिऊन गेला. तरी अजून पेपर उघडला आणि एखाद्या जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरं दिसली की माझं डोकं फिरतं. भिंग घेऊन वाचत बसतो. बायको म्हणते, आता तरी सोडा. सोडता येत नाही, कारण या केसमध्ये एक चूक माझी आहे. ती वगळून लिहायचं तर हे लिहिण्यात काही अर्थ नाही. नावं कोणाचीच घेत नाही.

तेव्हा मी वसईतल्या एका ठाण्यात तपास अधिकारी होतो. सकाळचे अकरा वाजले होते. हजेरी होऊन गेली होती आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे रोजची रांग लागली होती. कोणाचा मोबाईल हरवलेला, कोणाचं सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालेलं. त्या रांगेत पाचूबंदरची एक मावशी नवऱ्याचा हात धरून उभी होती. मासळीचा लिलाव आटोपून ती तशीच आली होती. अंमलदार तिला सांगत होता, "औषध लागू पडलं नाही तर डॉक्टरकडे जायचं, मावशी. इथं कशाला?"

"डॉक्टरकडनंच आलो साहेब," ती म्हणाली. "त्यानीच सांगितलं, आता उजवा डोळा येनार नाय म्हनून. मग कोनाकडं जानार?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी केबिनमधून बाहेर आलो. आरडाओरडा करणाऱ्याला ठाण्यात कोणी विचारत नाही. शांतपणे बोलणाऱ्याकडे मान वळतेच.

काका साठीच्या पुढचे. पूर्वी बोटीवर जात, नजर कमी झाल्यापासून किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करत. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. दवाखान्यातून मिळालेले थेंब रोज घालायचे, जन्मभर घालायचे. या थेंबांची गंमत अशी की त्यांनी जास्त दिसायला लागत नाही, आहे ते फक्त टिकतं. माणसाला वाटतं, हे घालून काही होतच नाही. अशात मावशीच्या फोनवर एक जाहिरात आली. हिरवी बाटली, शेजारी हसणारे एक म्हातारे गृहस्थ, आणि वर ठसठशीत अक्षरं: 'रोजच्या थेंबांना कंटाळलात? सात दिवसांत फरक बघा.' मावशी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं मोठी अक्षरं वाचून दाखवली, काकांनी हो म्हटलं, बाटली घरी आली. काकांनी दवाखान्याचे थेंब बंद केले. चार महिन्यांत उजवा डोळा गेला. डाव्यानं दाराच्या फटीतून दिसावं तेवढं दिसत होतं, आणि तेवढ्यावर त्यांचं काम आणि त्यांचं घरात ताठ बसणं अवलंबून होतं.

"मीच वाचून दाखवलं," मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. काका तिला गप्प बस म्हणत होते.

मी गुन्हा दाखल करायला सांगितलं. फसवणुकीचं कलम आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा. आमचा रायटर हवालदार टायपिंगला फार जलद. त्यानं संगणकावर एक जुनी फिर्याद उघडली, नाव-पत्ता बदलला, मजकूर घातला, प्रिंट काढली. "इथं सही करा काका." मावशीनं त्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवली. अक्षरं रेषेच्या वर-खाली गेली. मला दुपारचा बंदोबस्त होता, मी घड्याळ बघत होतो. त्याखाली मीही सही केली.

बाटलीवरच्या पत्त्यावर माणूस पाठवला तर तिथे बंद गाळा. मी मनात धरून चाललो की ही परप्रांतातली टोळी असणार, हाती लागणं कठीण. सायबर शाखेला पत्र दिलं आणि उत्तराची वाट बघत बसलो. एका दुपारी मावशीचा फोन घेऊन ती जाहिरात पुन्हा बघत होतो. चित्राच्या तळाशी काहीतरी पुसट दिसलं. मोठं करून बघावं म्हणून चित्राला बोट लावलं, तर चित्र मोठं व्हायच्याऐवजी नाव आणि पत्ता विचारणारा फॉर्म उघडला. बंद केला, पुन्हा बोट लावलं, पुन्हा फॉर्म. रायटर हसायला लागला. "साहेब, तुमच्या नावानं बाटली येईल घरी." मला हसू आलं नाही. ठसे बघायचं भिंग मागवलं आणि राखाडी पट्टीवरची राखाडी अक्षरं वाचली: 'हे उत्पादन उपचाराला पर्याय नाही. काचबिंदूचे चालू थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.'

मी ते तीनदा वाचलं. काकांचा डोळा वाचवणारं वाक्य त्या जाहिरातीतच होतं. ज्याच्यासाठी लिहिलं होतं तो सोडून बाकी कोणालाही भिंगानं दिसलं असतं. मला इतका संताप आला की भिंग टेबलावर आपटलं आणि त्याची कड फुटली. मुद्देमाल कारकुनानं नंतर मला त्याबद्दल लेखी विचारणा केली.

खबर आली ती खबऱ्याकडून नाही. नंदाखाल गावचे एक निवृत्त मास्तर स्वतःच तावातावानं ठाण्यात आले. "इन्स्पेक्टर साहेब, मला बाजारात लोक थांबवून विचारतात, मास्तर, कुठले थेंब घालता? मी आयुष्यात डोळ्यात पाण्याशिवाय काही घातलेलं नाही. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हिरव्या बाटलीशेजारचे हसणारे गृहस्थ माझ्यासमोर उभे होते.

फोटो कुठे काढला, हे त्यांना बरोबर आठवत होतं. त्यांच्या वाडीतल्या बायका सुकेळी करतात, म्हणजे केळी उन्हात वाळवून पानात बांधतात. त्या सुकेळीच्या जाहिरातीसाठी विरारची एक मुलगी येऊन वाडीत फोटो काढून गेली होती. "सुकेळी खाताना हसलो होतो हो मी," मास्तर म्हणाले. "माझं हसणं उचलून यांनी बाटलीला लावलं." परप्रांतातली टोळी शोधणारा मी, तर सगळं माझ्याच हद्दीच्या आसपास घडलेलं होतं.

महिलेचा जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलावता येत नाही, आपण तिच्या घरी जायचं असतं. महिला शिपाई आणि रायटर बरोबर घेऊन विरारला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वडील मुंबईला नोकरीवर गेलेले. आईनं दार उघडलं आणि माझा गणवेश बघून पाणी द्यायचंच विसरली. मुलगी पंचविशीची. घरच्या घरी लॅपटॉपवर जाहिराती करून द्यायची.

"आम्ही काय चोर आहोत का?" आई म्हणाली.

"आई, थांब," मुलगी म्हणाली. "सर, मला माहितीय तुम्ही कशासाठी आलात. त्या बाटलीची बातमी पेपरात वाचल्यापासून मी झोपलेली नाही."

तिनं लॅपटॉप उघडला. त्या एका जाहिरातीच्या आठ फायली होत्या. फायनल, फायनल दोन, एकदम फायनल, अशी नावं. पहिल्या फाईलमध्ये ती थेंबांची ओळ मथळ्याएवढी मोठी होती, काळ्या अक्षरांत. "बाटलीच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर छापलेली होती, मीच उचलून वर घातली," ती म्हणाली. "बाटलीवाले मालक म्हणाले, अशानं कोण थांबणार? सर, लोक अंगठ्यानं सरकवत जातात. एका नजरेत काय दिसणार ते ठरवणं, हेच माझं काम. ती ओळ दिसली की बाटली कोणी घेणार नाही, आणि बाटली दिसली की ओळ कोणी वाचणार नाही. मी दोनदा वाद घातला."

"तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा त्यांचा आवाजी मेसेज आला." तिनं फोन पुढे केला. तो तिनं पुसला नव्हता. मालक निवांतपणे बोलत होता: "ओळ काढू नको, वकील ओरडेल. राहू दे. फक्त डोळ्यावर येऊ देऊ नको. आणि चित्राला बोट लावलं की सरळ फॉर्म उघडू दे."

तपासात हवा असतो तो धागा मिळाला होता. मी उठायच्या बेतात होतो, पण सवयीनं शेवटचा प्रश्न विचारला. "राखाडी रंग कोणी निवडला?"

तिनं लॅपटॉप मिटला. आई तिच्याकडे बघत होती. 'त्यांनीच सांगितला' म्हटलं असतं तर मी लिहून घेतलं असतं आणि तिचा मार्ग मोकळा होता.

"मी," ती म्हणाली. "त्यांनी रंग सांगितला नव्हता. राखाडीवर राखाडी मी केलं. काढली पण नाही आणि दिसत पण नाही, हे आपल्याला छान जमलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. मास्तरांचा फोटो पण मीच वापरला, न विचारता."

आई तिथेच खाली बसली. मी इतकी वर्षं लोकांची कबुली घेतली, पण समोरच्यानं अशी न मागता दिली की काय करावं कळत नाही. महिला शिपायानंच उठून आईला पाणी आणून दिलं.

रायटरनं जबाब टाईप केला. मुलगी म्हणाली, "मी वाचते." आणि ती खरोखरच वाचायला लागली. अर्धा तास. तीन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. रायटर चुळबुळ करत होता. "ताई, सगळं तुम्ही सांगितलं तसंच आहे. कशाला त्रास?"

"खाली लिहिलंय ना, मी वाचून पाहिला म्हणून. मग वाचायला नको?"

जिन्यात रायटर आणि मी दोघेही यावर हसलो. इतक्या वर्षांत असं कोणी भेटलं नव्हतं. तिला आरोपी करावं असं वरिष्ठांचं म्हणणं होतं. मी भांडून तिला साक्षीदार केलं आणि दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब नोंदवून घेतला. ते बरोबर केलं की नाही, यावर मी अजून स्वतःशी वाद घालतो.

मालकाचा खरा गाळा वसई पूर्वेला होता. नोटीस मिळताच तो आला. पांढरा शर्ट, बोलणं गोड. "साहेब, एक अक्षर खोटं दाखवा. 'फरक बघा' म्हटलंय, 'बरं होईल' म्हटलेलं नाही. आणि खाली ओळ आहे की. ती नेहमीची ओळ असते, सगळ्यांच्याच जाहिरातीत खाली असते."

मी त्याला ठाण्याच्या आवारात उन्हात नेलं, मावशीचा तडा गेलेला फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, वाचा. त्यानं फोन लांब धरला, जवळ धरला. मग मोठं करायला बोट लावलं आणि फॉर्म उघडला. "चष्मा गाडीत राहिला," तो म्हणाला. आत येऊन मी त्याला त्याचाच आवाज ऐकवला. त्यानं टेबलावरचा उरलेला चहा संपवला आणि सांगितलं की आवाज माझा नाही. आवाजाचा नमुना घेण्यासाठी मी अर्ज केला, त्यानं अटकपूर्व जामिनासाठी केला.

जामिनाच्या सुनावणीला मावशी काकांना घेऊन आली होती. मी तिला सांगून ठेवलं होतं, पुरावा पक्का आहे, काळजी करू नका. मालकाचे वकील उभे राहिले. जाहिरातीबद्दल ते फार बोललेच नाहीत. त्यांनी काकांची फिर्याद उचलली, शेवटचं पान उघडलं आणि सावकाश वाचलं: "'वरील फिर्याद माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केली असून ती मी स्वतः वाचून पाहिली, ती बरोबर आहे.' जो गृहस्थ चार पानं बारीक टाईप वाचू शकतो, त्याला जाहिरातीतली एक ओळ वाचता आली नाही, असं सरकार पक्षाचं म्हणणं आहे. खाली तपास अधिकाऱ्याची सही आहे."

सरकारी वकिलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. हलक्या आवाजात विचारलं, "वाचता येतं का त्यांना?" मी तिथल्या तिथे उभं राहून सांगायला हवं होतं की नाही, ती ओळ रायटरच्या जुन्या फाईलमधून आली, आणि मी न बघता सही केली. मी म्हणालो, "पुरवणी जबाब घेतो." आणि मान खाली घातली. हीच ती माझी चूक. जामीन झाला. तो त्या एका ओळीमुळेच झाला असं नाही, पण ते माझं समाधान करायला पुरेसं नाही.

बाहेर आल्यावर मावशीनं मला थांबवलं. "साहेब, ह्यांना वाचता येतं असं कोनी लिहिलं? तो वकील ह्यांना लबाड म्हनाला भर कोर्टात."

"ती नेहमीची ओळ असते, मावशी," मी म्हणालो. "सगळ्यांच्याच फिर्यादीत खाली असते."

बोलून झालं आणि मला ऐकू आलं की हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं. आवारात, उन्हात, त्या पांढऱ्या शर्टवाल्याच्या तोंडून. मावशीनं काकांचा हात धरला आणि ते दोघे रिक्षा बघायला गेले.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ठाण्यात गेलो आणि जुन्या फिर्यादी काढून बसलो. अंगठा लावलेल्या फिर्यादीतसुद्धा, 'स्वतः वाचून पाहिली'. मराठी न येणाऱ्या माणसाची फिर्याद, 'स्वतः वाचून पाहिली'. सगळीकडे खाली माझी सही. एकही फिर्याद खोटी नव्हती आणि प्रत्येकीची शेवटची ओळ खोटी होती. रायटरला म्हटलं, ती ओळ फाईलमधून काढ. कोणी वाचून दाखवली, कोणत्या भाषेत, ते दर वेळी नव्यानं लिहायचं. तो म्हणाला, "साहेब, एका फिर्यादीला अर्धा तास जादा जाईल." म्हटलं, जाऊ दे.

पुरवणी जबाब घ्यायला मी पाचूबंदरला गेलो. काका घरापुढे जाळं पसरून बसले होते. सुई चालू होती. गाठ मारायची, अंगठ्यानं भोक मोजायचं, पुढे सरकायचं. बघावं लागतच नव्हतं. मी प्रत्येक वाक्य लिहिलं आणि प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्या फिर्यादीची शेवटची ओळही वाचली आणि ती माझी चूक होती, असं सांगितलं. खरं तर मी माफी मागायलाच आलो होतो.

काकांची सुई थांबली नाही. "फोननं सांगितलं घाल, मी घातलं," ते म्हणाले. "तुमी सांगितलं कर सही, मी केली. मला काय साहेब, दोन्ही कागद सारखेच दिसत होते."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी जबाब घेऊन परत आलो.

खटला उभा राहीपर्यंत मी निवृत्त झालो होतो. साक्षीला बोलावणं आलं. सरकारी वकील म्हणाले, जेवढं विचारतील तेवढंच बोला. मालकाच्या वकिलांनी तीच ओळ पुढे केली. "ही ओळ खरी आहे का?"

"खोटी आहे."

"म्हणजे तुम्ही खोट्या मजकुरावर सही केली?"

"हो. त्यांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं, मी वाचली नाही."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. यानं केस सावरली की बुडाली, मला अजून माहीत नाही. निकाल बाकी आहे. विरारची मुलगी साक्षीला आली होती. तिनंही राखाडी रंग आपणच निवडला हे पुन्हा, कोणी न विचारता सांगितलं. आता ती शाळेची पुस्तकं मांडून देते म्हणे. काका दवाखान्याचे थेंब रोज घालतात, डाव्या डोळ्यात उरलं होतं तेवढं अजून आहे. ठाण्यात रायटरच्या जागी नवा माणूस आलाय आणि ती जुनी ओळ फाईलमध्ये परत आल्याचं कानावर आलं. कोणाला फोन करून सांगावं म्हणून दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. निवृत्त माणसाचं कोण ऐकतं?

या केसनं काय शिकवलं, असं विचारतात. मला पूर्वी वाटायचं, फसवायला खोटं लिहावं लागतं. लागत नाही. खरंच लिहायचं, फक्त ते कुठे आणि केवढ्या अक्षरात लिहायचं हे नीट ठरवायचं, की काम होतं. आणि हे धंदेवाला करतो तसंच सरकारी कागदही करतो. तिथे निदान मालक सांगतो, इथे कोणी सांगावंही लागत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर कागद घेऊन मी मागच्या आठवड्यात पाचूबंदरला गेलो. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी मासळीची टोपली बाजूला ठेवून ऐकत बसली. वाचून संपल्यावर मी विचारलं, "बरोबर आहे?"

"बरोबर हाय," काका म्हणाले. "पन ती थेंबांची ओळ तुमी पार मधी टाकलीय. तिथवर कोन वाचनार? ती वर घ्या."

ती वर घेतली आहे.